बंदुकीसोबतचा चौथा फोटो

शकू गेली हे गावाला सकाळी दहा वाजता कळलं. मला दुपारी दोनला कळलं.

आमचं वावर अडाण नदीच्या अंगाला खाली उतारावर आहे. तिथं मोबाइलला रेंज येत नाही. तुरीची सोंगणी चालू होती आणि त्या दिवशी मजूर मिळाले नव्हते, म्हणून मी एकटाच बैलगाडी जुंपून विळा घेऊन गेलतो. शकू चार दिवसांपासून ढाणकीकडे माहेरी होती, भावाच्या नातवाच्या बारशाला. दुसऱ्या दिवशी यायची होती.

शेजारच्या वावरातला राजकुमार मोटरसायकल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावून माझ्याकडे चालत आला. गडी पस्तिशीचा आहे, एरवी लांबूनच ओरडत येतो. त्या दिवशी खाली पाहत आला. जवळ येऊन म्हणाला, "काका, घरी चाला."

"काहून?"

"कपिल येऊन राह्यला यवतमाळहून."

कपिल माझा पोरगा, तिकडे नोकरीला आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी तो कधी येत नाही. मी राजकुमारकडे पाहिलं. तो बैलांकडे पाहत होता. मी विचारलं, "शकू?"

"व्हय," तो म्हणाला. "सकाळी उठल्याच नाही. भावजय चहा घेऊन गेली, तं अंग थंड."

मी म्हणालो, एवढी पात होऊ दे. पात म्हणजे हातात घेतलेली ओळ. पंधरा-वीस झाडं राहिली होती. मी ती सोंगली. राजकुमार थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानं कापलेली झाडं गोळा करून पेंढी बांधली. मी बैलांना पाणी दाखवलं आणि त्याच्या मागं गाडीवर बसून घरी आलो. पाच वाजता शकूला घेऊन गाडी आली. दिवस बुडायच्या आत सगळं झालं.

नंतर गावात बोलणं झालं की उकंड्यानं बायको मेल्याचं ऐकूनही पात सोडली नाही. उकंडा म्हणजे मी. खोटं नाही ते. मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर कपिल म्हणाला, "बाबा, आईचा एखादा चांगला फोटो काढून द्या. तेरवीले लागते. चौकात बॅनर लावा लागते, मोबाइलवर सगळ्याईले पाठवा लागते."

तेव्हा ध्यानात आलं की शकूचा फोटो घरात नाही. म्हणजे आहेत, पण ती नाही त्यांच्यात. कपिलच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती पंधरा बायांच्या मागं आहे आणि डोळे मिटलेले आहेत. मोबाइलमधल्या फोटोत तोंडापुढं हात धरलेला, नाहीतर पाठ. कपिलनं मोबाइल उचलला की ती उठून चुलीकडे जायची. आधार कार्डावरचा एक होता. तो पाहून कपिलच म्हणाला, हा नको.

एक फोटो होता. फक्त मला माहीत होता.

आमच्या बैठकीच्या भिंतीवर तीन फोटो आहेत. पणजोबा, आजोबा आणि माझा बाप. तिघंही खुर्चीवर बसलेले, तिघांच्या मांडीवर तीच एक बंदूक आडवी. ठासणीची, म्हणजे नळीत वरून दारू भरायची आणि गजानं ठासायची. पीक राखायचा परवाना होता आमच्या घराला. घरातली रीत अशी की ज्या साली बंदूक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाईल, त्या साली नव्या माणसाचा फोटो काढायचा. पणजोबांचा फोटो आता इतका उडाला आहे की बंदूक स्पष्ट दिसते आणि माणूस पुसट. पाहुणे आले की आधी तिकडेच पाहतात. सोयरिकी जुळल्या आहेत त्या भिंतीवर.

चौथा फोटो माझा असायला पाहिजे होता. तो नाही. लोकांना वाटतं, बाप वारला त्या साली बंदूक निवडणुकीसाठी ठाण्यात जमा होती, म्हणून राहिला. मीही तेच सांगत आलो.

खरी गोष्ट वेगळी आहे. मी वीस वर्षांचा असताना बापानं मला पहिला बार काढायला लावला. मी डोळे मिटले आणि चाप ओढला. छर्रे आमच्याच बैलाच्या कानाला लागले. बैल जगला, कान फाटका राहिला. त्यानंतर बंदूक हाती घेतली की माझे हात कापायचे. बाप शिव्या द्यायचा, मग शिव्याही सोडल्या. तो स्वतःच रोज दिवस बुडताना मचाणावर चढून एक बार काढायचा. नुसती दारू भरायची, छर्रे नाही. आवाजानं डुकरं नदीकाठच्या झाडीतून बाहेर निघत नसत.

मग बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दारू नळीत जायच्या ऐवजी हातावर सांडायला लागली. शकूचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. ती सासऱ्याला दारू मोजून द्यायची, गज द्यायची. त्या साली डुकरांनी दोन एकर भुईमूग उकरून टाकला. सकाळी आम्ही तिघं धुऱ्यावर उभे होतो. माती अशी उलटली होती की नांगर फिरवल्यासारखी. बापानं माझ्याकडे पाहिलं, मग मचाणाकडे. शकू म्हणाली, "मामंजी, आज मी काढू का?"

त्या संध्याकाळी तिनं बार काढला. मी खाली उभा होतो, कानात बोटं घालून. तिनं डोळे मिटले नाहीत. खाली उतरली, खांदा चोळला आणि म्हणाली, "दारू जरा कमी टाका लागन उद्या."

अकरा साल तिनं बार काढला. कपिल पोटात होता ते शेवटचे तीन महिने सोडून. त्या तीन महिन्यांत आम्ही डबे वाजवले आणि अर्धी ज्वारी गेली.

पण बाईच्या नावानं परवाना नाही. आणि गावात कळलं असतं तर माझं काय राहिलं असतं? म्हणून बापानंच ठरवलं. मचाणावर मी उभा राहायचं, डोक्याला त्याचा फेटा बांधून. शकू माझ्या पायाशी कठड्याआड बसून बार काढायची. लांबून पाहणाऱ्याला मी दिसायचो. गाव त्याला उकंड्याचा बार म्हणायचं. बाया म्हणायच्या, उकंड्याचा बार झाला, चूल पेटवा. आजूबाजूची सगळी वावरं त्या बारावर राखली जात. दिवाळीत लोक मला पानसुपारी द्यायचे. मी घ्यायचो. घरी आणून शकूला द्यायचो. ती सुपारी खायची आणि हसायची. म्हणायची, "नाव तुमचं, खांदा माहा."

बापाला मात्र रीत सोडवली नाही. दारव्ह्याचा निजामुद्दीन फोटोवाला तेव्हा जवान होता, सायकलवर कॅमेरा बांधून लग्नांचे फोटो काढायचा. आमच्या गावात लग्नाला आला तेव्हा बापानं त्याला मागच्या परसात बोलावलं. भिंतीला चादर बांधली, तीच खुर्ची मांडली. बाप म्हणाला, "ज्याच्या हाती बंदूक, त्याचा फोटो. बस पोरी." शकू बसली. बंदूक मांडीवर आडवी, दोन्ही हात घट्ट. समोर पाहिलं. आधार कार्डावरचा सोडला तर तिच्या सबंध आयुष्यातला तेवढा एक फोटो, ज्यात ती समोर पाहते.

तो भिंतीवर टांगता येत नव्हता. ठाण्यातला शिपाई पाणी प्यायला जरी घरात आला असता तरी त्याला दिसला असता. म्हणून बापानं स्वतःच्या फोटोच्या फ्रेममध्ये, मागच्या बाजूला, पुठ्ठ्याच्या आत ठेवला. तो वारला, बंदूक ठाण्यात राहिली. ती माझ्या नावावर करायला अर्ज लागत होता. मी केला नाही. माझ्या नावावर आली असती, पण चालवणारी आता कठड्याआड लपणारी नवी सून राहिली नव्हती, आणि उघड झालं असतं तर मी काय सांगणार होतो. शकूनं एकदा विचारलं, अर्ज काहून नाही दिला? मी म्हणालो, कागद सापडून नाही राह्यले. कागद पेटीत होते. पेटी तीच झाडायची. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बापाची फ्रेम उतरवली, खिळे काढले आणि फोटो कपिलपुढं ठेवला.

कपिलनं फोटो दाराच्या उजेडात धरला. "हे आई व्हय?"

"व्हय."

"बंदूक कायले धरली?"

मी सांगणार होतो. तेवढ्यात बापूजी आत आले. बापूजी माझे चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, भावकीतलं कोणतंही काम त्यांच्याशिवाय होत नाही. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि हसले.

"हौसच भारी शकूले. काकाची बंदूक दिसली, बसली धरून." मग चष्मा काढला. "पन हा फोटो तेरवीत नाही मांडता येत, उकंडा. लोकं पाया पडायले येतीन का हात वर करून उभे राह्यतीन?"

दारात बसलेले दोघं-तिघं हसले. कपिलही थोडा हसला, मग त्यानं तोंड पुसलं. तो म्हणाला, चेहरा चांगला आहे, आता कम्प्युटरवर सगळं होते, बंदूक काढून टाकू. बापूजी म्हणाले, हातात पूजेचं ताट द्या, बाई माणसाले शोभते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बरं.

त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. जेवा, बरं. झोपा, बरं. गहू किती लागन, दोन पोते घेऊ का, बरं. बरं म्हटलं की माणूस पुढच्या कामाला जातो आणि आपल्याला बसता येतं.

दुसऱ्या दिवशी जीपनं दारव्ह्याला गेलो, मी आणि कपिल. निजामुद्दीनचं दुकान आता त्याचा मुलगा जमीर पाहतो. निजामुद्दीन कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला असतो, पाय सुजलेले. कपिलनं फोटो जमीरला दिला आणि काय करायचं ते सांगितलं. जमीरनं मशीनवर ठेवून कम्प्युटरवर घेतला. पडद्यावर शकू मोठी झाली, माझ्या तोंडाएवढं तिचं तोंड. नाकाजवळ एक डाग होता, तो मी विसरलो होतो. जमीरनं आधी तोच पुसला.

निजामुद्दीन उठून जवळ आला. त्यानं पडदा पाहिला, मग मला पाहिलं.

"ये तो मैंने खींचा," तो म्हणाला. "तुमच्या परसात. तुमचे वालिद उभे होते बाजूला." मग कपिलला म्हणाला, "बेटा, तुझ्या आईनं मले काय म्हटलं माहीत हाय? मी म्हटलं, ताई, हात जरा ढिले सोडा, फोटोत चांगले दिसत नाही. तं म्हणे, भाऊ, ढिली धरली तर खांदा तोडते ते. बस, मी गप."

कपिल हसला. म्हणाला, आईचं बोलणंच तसं होतं.

"निकालने की क्या जरूरत है?" निजामुद्दीन म्हणाला.

"तेरवीचा फोटो हाय, चाचा."

"हां, वो तो है." तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला काय माहीत होतं, काय नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. सोयाबीनच्या पोत्यांचा एक ट्रॅक्टर वळत होता आणि वळता येत नव्हता. मी तो वळेपर्यंत पाहत होतो.

जमीरनं बंदूक काढली. नळी गेली, दस्ता गेला, मागं लुगड्याचा रंग भरला. हात राहिले. दोन्ही मुठी आवळलेल्या, मध्ये काहीच नाही. जमीर म्हणाला, "अब्बा, हाताचं काय करू? ताट बसत नाही मुठीत."

निजामुद्दीन म्हणाला, "मैंने पहले ही बोला था."

शेवटी जमीरनं दुसऱ्या कोणत्या तरी बाईचे हात लावले. ताट धरलेले, बांगड्यांचे, गोरे. मनगटाशी रंग जरा जुळवून घेतला. कपिल म्हणाला, एवढ्या लांबून कोणाले दिसते. मोठी फ्रेम आणि चौकातला बॅनर दोन दिवसांत देतो, जमीर म्हणाला. आम्ही निघालो. मूळ फोटो मशीनमध्येच राहिला. मला जीपमध्ये बसल्यावर आठवलं. कपिलला म्हणालो, तर तो म्हणाला, फ्रेम आणायले येतो तेव्हा घेतो. फ्रेम आणायला तो गेला आणि फ्रेमच घेऊन आला. जमीर दुकानात नव्हता म्हणे, निजामुद्दीन दवाखान्यात, दुकानावर नवीन पोरगा, त्याला काही माहीत नव्हतं.

तेरवीला दोनशे माणूस झालं. अंगणात मांडव, खाली सतरंज्या. पाटावर शकूचा फोटो, झेंडूचा हार. लोक येत होते, नमस्कार करून बसत होते. एक म्हातारी हातांकडे पाहत थांबली, मग पुढं गेली.

जेवणं व्हायच्या आधी चार शब्द बोलायची आमच्याकडे आता पद्धत झाली आहे. बापूजी बोलले. शकू साधी, घरात रमणारी, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, या माणसानं गावाचं राखलं. आता डुकरं दिवसाढवळ्या गावात येऊन राह्यली, पण एक काळ होता, उकंड्याचा बार झाला की चार शिवारं निवांत झोपत. आणि त्याच्यामागं शकूनं घर सांभाळलं, हे विसरून चालणार नाही.

लोकांनी माना हलवल्या. माझ्या पिढीचे दोन-चार म्हातारे व्हय व्हय म्हणाले.

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "बार मी नव्हतो काढत."

बापूजी थांबले.

"मले बंदूक चालवता येत नाही," मी म्हणालो. "माहे हात कापते. मी नुसता उभा राहो, फेटा बांधून. बार शकू काढे. अकरा साल तिनं काढला. तुमी दिवाळीले जे पानसुपारी दिली ते तिची होती."

भाजीच्या कढईखाली लाकूड फुटल्याचा आवाज आला. मी लोकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग एकेकाच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मला कळलं की कोणाला काही कळलं नाही.

राजकुमार माझ्याजवळ आला, खांद्याला धरलं. "बसा काका," तो म्हणाला. "लय जीव होता तुमचा काकूवर. सगळ्याईले माहीत हाय."

"मी खरं सांगून राह्यलो, राजकुमार."

"व्हय, व्हय. बसा."

मी फोटोकडे बोट केलं. लोकांनी तिकडे पाहिलं. शकू ताट धरून बसली होती. ताटात हळद, कुंकू आणि दिवा. दिव्याला ज्योत पण लावली होती जमीरनं.

मागच्या सतरंजीवरून कोणीतरी हळू म्हणालं, "मेल्या म्हशीले मणभर दूध." शेजारचा खुसकन हसला आणि त्याला कोणीतरी दटावलं. बापूजींनी पंगत मांडायला सांगितली.

लोक पोटभर जेवले. जाताना बाया एकमेकींना सांगत होत्या की नवरा असावा तर असा, आपलं मोठेपण मेलेल्या बायकोच्या ओटीत टाकलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर एकानं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला.

कपिल यवतमाळला परत जायच्या आधी पायरीवर बसला होता. मी त्याला म्हणालो, तू तरी ऐकलं ना? तो म्हणाला, ऐकलं बाबा. थोड्या वेळानं म्हणाला, "फोटोत धरली व्हती तिनं. पन चालवे?"

"चालवे."

"मंग मले कधी काहून नाही सांगतलं? आईनंबी नाही, तुमीबी नाही."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी त्याची पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. त्याची गाडी आली, तो गेला. जाताना म्हणाला, तब्येतीले जपा. त्याआधी तो त्याच्या बायकोशी फोनवर काय बोलला ते मी ऐकलं होतं. बाबाईनं मनाले लावून घेतलं म्हणे, थोडे दिवस काहीबाही बोलतीन.

तुरी सोंगून झाल्या आहेत. राजकुमारनं मळणीयंत्र आणून दिलं, माझी रास त्यानंच घरी टाकली. बापाच्या फ्रेमचा पुठ्ठा परत लावून फ्रेम भिंतीवर टांगली. शकूची नवी फ्रेम कपिलनं जायच्या आधीच त्या भिंतीवर शेजारी लावली होती. तीन पुरुष बंदूक घेऊन बसलेले आणि चौथी बाई दुसऱ्याच कोणाचे हात लावून. येणारा-जाणारा म्हणतो, छान आला फोटो.

मूळ फोटो दारव्ह्याला जमीरच्या दुकानात आहे, असेल तर. सकाळी साडेआठला आणि अकराला जीप जाते. तेरवीला आज सदतीस दिवस झाले. मी अजून गेलो नाही.